‘गेली ४ मार्च, आली १९ एप्रिल’

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझ्या यजमानांच्या काकू वाईच्या वाड्यात एकट्या राहायच्या. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. काकूंना जाऊनही आता बावीस वर्षं झाली. वाडा विकायचा ठरला म्हणून गेल्या मे महिन्यात माळा उपसला, तर पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या नऊवारीत बांधलेल्या अकरा वह्या निघाल्या. मला वाटलं, हिशेबाच्या असतील. उघडून बघते तर सगळ्या कथा. मोजल्या, चौतीस भरल्या. काकू लिहायच्या हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिली कथा मी माळ्याच्या शिडीवर बसूनच वाचली. एसटी स्टँडवर शेवटच्या गाडीची वाट बघणाऱ्या बाईची आहे. खालून हाका मारत होते, मला उतरायचं भान नव्हतं.

एक कथा टाइप करून मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. दोन्ही नणंदा रडल्या, धाकटे दीर मात्र भडकले. काकूंनी जे लपवून ठेवलं ते चव्हाट्यावर कशाला, म्हणाले. त्यात शेवटच्या एका वहीतली कथा सरळसरळ माझ्या सासूबाईंवर आहे. त्या ब्याऐंशीच्या आहेत. यजमान म्हणतात, झाकली मूठ राहू दे. ओळखीचे एक संपादक दिवाळी अंकात दोन कथा घ्यायला तयार आहेत, पण ‘जरा हात फिरवावा लागेल’ म्हणतात. मी काय करू? आणखी एक. बऱ्याच कथांच्या शेवटी पेन्सिलीने बारीक लिहिलंय : ‘गेली ४ मार्च, आली १९ एप्रिल.’ तारखा वेगवेगळ्या, शब्द तेच. काकूंची एक भाची अधूनमधून राहायला यायची, तिच्याबद्दल असेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा फक्त तो पेन्सिलीचा मजकूर. भाची नव्हे हो. कथा गेली, कथा आली.

त्या काळी मासिकाकडे कथा पाठवायची तर सोबत परतीचं टपाल जोडावं लागे. नाहीतर नापसंत लेखन परत मिळत नसे. संपादकांना कथा आवडली नाही की काही आठवड्यांनी पाकीट घरी यायचं आणि आत छापील चिठ्ठी असायची, ‘साभार परत’. मी एकतीस वर्षं पुण्यात एका छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम केलं. अशा पाकिटांचे गठ्ठे टपालात पडायला निघालेले मी डोळ्यांनी पाहिलेत. ४ मार्चला काकूंनी वाईच्या पोस्टात पाकीट टाकलं, १९ एप्रिलला ते परत आलं. मधले सेहेचाळीस दिवस त्या वर्गात पाढे म्हणून घेत होत्या आणि रोज पोस्टमनची वाट बघत होत्या. घरात कुणाला कळलं नाही, कारण परत आलेलं पाकीट कुणी मुद्दाम दाखवत नाही.

तुमच्या दिरांना एवढंच सांगा. त्यांना वाटतं काकूंनी लपवलं. निदान ज्या कथांखाली ‘गेली’ लिहिलंय, त्या त्यांनी जगाकडे धाडल्या होत्या. जगाने घेतल्या नाहीत. लपवलेलं आणि नाकारलेलं यात फार अंतर आहे, आणि तुमच्या पुढच्या प्रत्येक निर्णयाला या फरकाचाच आधार घ्यायचा आहे.

म्हणूनच लिहायला बसण्याआधी मी तुम्हाला फोन करून वह्या कशा लिहिल्यात ते विचारलं. तुम्ही म्हणालात, पहिल्या सात वह्यांत मजकूर पानाच्या एकाच बाजूला आहे, डावीकडे लाल पेन्सिलीने समास आखलाय आणि प्रत्येक कथेच्या वर शब्दसंख्या टाकलीय. ही छापखान्याची शिस्त आहे. ‘कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून, सुवाच्य अक्षरात’ ही सूचना मासिकं सतत छापत असत. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्याला पान उलटावं लागू नये म्हणून ही पद्धत. स्वतःपुरतं लिहिणारी शिक्षिका, जिच्या घरी प्रत्येक कोरा कागद मोलाचा, ती अर्धी वही कोरी सोडणार नाही. त्या सात वह्या म्हणजे काकूंनी स्वतःजवळ ठेवलेल्या मुद्रणप्रतीच. त्यावरून कागदांवर उतरवून त्या पाठवत असणार.

शेवटच्या चार वह्यांत मात्र दोन्ही बाजूंनी लिहिलंय. समास नाही, शब्दसंख्या नाही, गेली-आली नाही. तिथे त्यांनी पाठवणं थांबवलं, लिहिणं थांबवलं नाही. त्या कथा कुणासाठी होत्या ते मला सांगता येणार नाही. सासूबाईंवरची कथा त्यातच आहे, हेही लक्षात घ्या.

तर माझं मत असं : पहिल्या सात वह्यांतल्या कथा बिनदिक्कत वाचकांपुढे आणा. काकूंनी परवानगी केव्हाच दिली आहे, पोस्टाची तिकिटं लावून दिली आहे. शेवटच्या चार वह्यांची घाई नको. त्या आधी तुम्ही पूर्ण वाचा, मग यजमानांना आणि नणंदांना वाचायला द्या, वर्षभर घरात राहू द्या. वाचता वाचताच ठरेल.

फोनवर आणखी एक गोष्ट तुम्ही सहज बोलून गेलात आणि मी खुर्चीत सरळ झाले. तीन कथांखाली ‘गेली’ आहे, पण ‘आली’ नाही. पाकीट टपालात हरवलं असेल, संपादकांकडे पडून राहिलं असेल. पण कथा छापून आली असण्याचीही शक्यता आहे. टोपणनावाने असेल, मासिकाचा अंक घरात कुणी पाहिला नसेल. या तीन कथांची पहिली वाक्यं आणि ‘गेली’च्या तारखा मला पाठवा. त्या तारखेपासून पुढचे दीड-दोन वर्षांचे अंक चाळायचे. पुणे मराठी ग्रंथालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, अशा ठिकाणी जुन्या मासिकांच्या बांधीव फायली शोधता येतील. पुण्यातलं मी बघते. दिवाळी अंक विसरू नका. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून मराठीत नव्या कथाकाराला तिथेही जागा मिळत आली आहे.

तारखांत वर्ष नाही, ही तुमची अडचण खरी आहे. पण वह्या बोलतात. पहिल्या वह्यांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असं लिहिलंय असं तुम्ही म्हणालात, पुढे हे जादा अनुस्वार गळतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नवे नियम १९६२ चे. प्राथमिक शिक्षिकेला ते मुलांना शिकवावे लागले असणार, म्हणजे काकूंच्या हातात ते इतरांपेक्षा लवकर बसले असतील. कथेत कुणी ‘चार आणे’ म्हणालं तर त्यावर विसंबू नका, लोक आणे-पैशांत बोलणं सहजी सोडत नाहीत. पण ‘नवे पैसे’ दिसलं तर काळ बराचसा पक्का : १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि १ जून १९६४ पासून त्यातलं ‘नवे’ गेलं. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ चा, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. वाईत राहून भूकंपाची ती पहाट कथेत आली नसेल तर मला नवल वाटेल. नीट बघा.

आता त्या संपादकांचं ‘हात फिरवणं’. याबद्दल मी तटस्थ राहू शकत नाही.

आमच्या बिऱ्हाडाशेजारी मालवणकडच्या एक बाई राहायच्या, नर्स होत्या. १९८६ साली त्या गेल्या आणि त्यांच्या कथांचं बाड माझ्याकडे आलं. त्यातली एक मी अजून अंगावर काटा आल्याशिवाय आठवू शकत नाही. पावसाळा सरला की कोकणात घरापुढचं खळं नव्याने करतात. माती घालायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपून काढायचं, वर शेणाचं सारवण. कथेतली बाई त्याच पावसाळ्यात विधवा झालीय. यंदा खळं करायला माणूस नाही, म्हणून रात्री ती एकटीच चोपायला बसते. तो धप् धप् आवाज ऐकून शेजारच्या बाया एकेक करून आपापलं चोपणं घेऊन येतात. कुणी काही बोलत नाही. सकाळी खळं तयार असतं.

मला कथा सगळ्यांना कळायला हवी होती. म्हणून मी ‘खळं’ काढून सगळीकडे ‘अंगण’ केलं, ‘चोपणं’चं ‘धुम्मस’ केलं, तिची वाक्यं सरळ केली, शेवटी एक ओळ माझ्या पदरची घातली. दिवाळी अंकात ती छापून आली आणि लोकांना आवडलीही. डिसेंबरात त्यांची थोरली बहीण कणकवलीहून रात्रीच्या गाडीने आली. पिशवीत तो अंक. चहा घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाली, “आमच्याकडे अंगण नव्हतंच हो. आमचं खळं होतं. हे तिने नाही लिहिलेलं.” मी मूळ कागद शोधायला छापखान्यात धावले. छपाई झाल्यावर हस्तलिखित प्रुफांबरोबर रद्दीत गेलं होतं. आज त्या कथेची जगात एकच प्रत आहे, आणि ती मी बिघडवलेली आहे.

म्हणून तुमच्या हाता-पाया पडून सांगते, मूळ वही कुणाच्याही हाती देऊ नका. संपादकांनाही नाही, मलाही नाही. टाइप केलेली प्रत द्या. त्यात ‘कांहीं’ असेल तर ‘कांहीं’ ठेवा. वाईकडचा शब्द कळला नाही तर सासूबाईंना विचारा आणि अर्थ शेवटी वेगळा द्या. एखादा शब्द चुकून दोनदा पडला असेल तो गाळायला माझी हरकत नाही, तेवढाच.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गात गेल्या आणि मुलगा सोपानदेव व त्यांच्या मावसभावाने त्यातलं जमेल तेवढं उतरवून ठेवलं. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही संकोचत आचार्य अत्र्यांपुढे ठेवली. अत्र्यांनी तिला बावनकशी सोनं म्हटलं आणि १९५२ साली गाणी पुस्तकरूपाने आली. या गोष्टीतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की ती गाणी खानदेशच्या बोलीतच छापली गेली. अत्र्यांच्या एका शब्दाखातर त्यांचं पुणेरी करून द्यायला कितीजण तयार झाले असते! उलट अमेरिकेत एमिली डिकिन्सनच्या कविता तिच्या मृत्यूनंतर बहिणीला सापडल्या. १८९० मध्ये त्या छापताना संपादकांनी यमकं गुळगुळीत केली, तिची विरामचिन्हं बदलली. तिचं मूळ रूप सबंध वाचकांपुढे यायला १९५५ उजाडलं. तिच्या हातचे कागद शिल्लक होते म्हणून तरी ते जमलं.

सासूबाईंची कथा. तुम्ही मला ती फोनवर थोडक्यात सांगितलीत. लाडू मोजून डब्यात ठेवणारी थोरली जाऊ, आणि एक लाडू कमी भरल्यावर धाकट्या विधवा जावेकडे न बघता ‘उंदीर झालेत घरात’ म्हणणारी. तुम्हाला भीती वाटते, सासूबाई दुखावतील. दुखावतीलही. तरी माझा सल्ला आहे की ती कथा त्यांना तुम्ही स्वतः वाचून दाखवा. दुपारी दोघीच असताना, सावकाश. ग्रुपवरून दुसऱ्या कुणी ती त्यांच्या कानावर घालण्याआधी. परवानगी मिळवायची म्हणून नव्हे, तर काकूंबरोबर एका चुलीवर राहिलेलं आज तेवढंच एक माणूस उरलंय म्हणून. उंदीर म्हणाली ती बाई जावेला सांभाळून घेत होती की टोचत होती, हे कथा वाचून तुम्हालाही ठरवता आलं नाही असं तुम्ही म्हणालात. सासूबाईंना ठाऊक असेल. त्या नको म्हणाल्या तर ती एक कथा त्यांच्या हयातीत छापू नका. बाकीच्या तेहेतीस आहेत.

हक्कांचं थोडक्यात. वही ज्याच्या ट्रंकेत सापडली त्याची कथा होत नाही. मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे निपुत्रिक विधवेची स्वकष्टाची मिळकत पतीच्या वारसांकडे जाते, आणि लेखनाचे हक्क ही मिळकतच. म्हणजे तुमचे सासरे, त्यांची भावंडं आणि पुढे त्यांची मुलं. त्यात तुमचे भडकलेले दीरही आले. सगळ्या चुलत भावंडांची संमती एका कागदावर घ्या, त्याआधी वकिलांकडून वारसांची यादी तपासून घ्या. लेखकाच्या हयातीत न छापलेलं लेखन नंतर प्रसिद्ध झालं, तर प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. त्या तीनपैकी एखादी कथा काकूंच्या स्वतःच्या नावाने छापून आलेली निघाली तर तिची साठ वर्षं काकूंच्या निधनानंतरच्या वर्षापासून मोजायची. संपादकांना ‘सर्व हक्क’ लिहून देऊ नका. एकदा छापण्याची परवानगी पुरे.

आणि वह्या. टाचण्या गंजल्या असतील तर काढा, पण कुठला कागद कुठे टोचला होता ते लिहून ठेवून मगच. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. उन्हात वाळत घालू नका. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कोऱ्या पानांचा आणि मलपृष्ठाच्या आतल्या बाजूचाही. अशा जागीच माणसं खरं काही लिहून ठेवतात. मग धुतलेल्या सुती कापडात बांधून ठेवा. नऊवारी टाकू नका, त्याच ट्रंकेत वर ठेवा.

प्रश्न : माझ्या घरात वीस वर्षं भाड्याने राहिलेले एक एकटे गृहस्थ वारले. खोलीत कथांच्या फायली निघाल्या, एका काल्पनिक गावाच्या. नातेवाईक कुणी फिरकलं नाही. घरमालक म्हणून मी त्या पुस्तकरूपाने काढू शकतो का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : फायली जपल्यात याबद्दल तुम्हाला मनापासून नमस्कार. पुष्कळांनी त्या रद्दीवाल्याला घातल्या असत्या. पण खोली तुमची, कथा तुमच्या नव्हेत.

शिकागोत हेन्री डार्जर नावाचा माणूस होता. १८९२ चा जन्म. रुग्णालयांत झाडलोट, भांडी घासणं अशी कामं करत आयुष्य गेलं. एका खोलीत चाळीस वर्षं भाड्याने राहिला. १९७३ मध्ये तो वारला त्याच्या सुमारास त्याच्या घरमालकांना, नेथन लर्नर या छायाचित्रकाराला, खोलीत पंधरा हजारांहून जास्त टंकलिखित पानांची एक कादंबरी आणि तिची शेकडो चित्रं सापडली. लर्नरांना त्याचं मोल कळलं, त्यांनी ते जपलं, जगापुढे आणलं. आज त्या चित्रांना संग्रहालयांत जागा आहे. आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०२२ साली, डार्जरचे दूरचे नातेवाईक हक्कासाठी कोर्टात गेले. घरमालकाने जपलं नसतं तर भांडायला काही उरलंच नसतं, हेही खरं आणि वारसांचा प्रश्न सुटत नाही, हेही खरं.

तेव्हा नातेवाईक शोधा. जुना पत्ता, नोकरीची जागा, पेन्शनचे कागद, बँकेतलं नामनिर्देशन. तोवर फायलींचा क्रम बदलू नका. काल्पनिक गाव आहे म्हणता, तर कुठेतरी त्याचा नकाशा काढलेला असणार. तो शोधा, सगळ्या कथांची किल्ली तिथे मिळेल.

प्रश्न : माझे आजोबा रोज पहाटे वहीत गोष्टी लिहितात आणि कपाटाला कुलूप लावतात. किल्ली कुठे असते ते मला माहीत आहे. मी गुपचूप वाचून चांगल्या गोष्टी टाइप केल्या आणि त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला पुस्तक भेट दिलं तर?
– एक विद्यार्थी, अकोला

उत्तर : बाळा, किल्लीला हात लावू नकोस. वरच्या दोन्ही पत्रांतली माणसं जे विचारायला तडफडताहेत, ते तुला आज संध्याकाळी विचारता येतं. चहा घेऊन त्यांच्याजवळ बस आणि म्हण, आजोबा, एक गोष्ट वाचून दाखवता का? नाही म्हणाले तर महिन्याने पुन्हा विचार. हो म्हणाले तर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव आणि नुसतं ऐक. पुस्तकाचं त्यानंतर त्यांनाच ठरवू दे. आणि त्यांची वही संपत आली असेल तर नवी आणून दे, तशाच कागदाची, तशाच रेघांची.